मॅग्नॅनिमस, दिवसातून तीनदा

(स्वयंपाकघर, संध्याकाळ. नवरा आणि बायको एकाच रंगकारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहेत. रोज एकत्र घरी येतात, आज वेगवेगळे आले. सासूबाई टेबलाशी मटार सोलताहेत, म्हणजे कान देऊन बसल्या आहेत.)

बायको : ...आणि तिसऱ्यांदा कोणासमोर वापरलास तो शब्द?

नवरा : आधी अर्थ तरी ऐक. मॅग्नॅनिमस. म्हणजे मोठ्या मनाचा. दिलदार.

सासू : चांगला आहे गं आजचा. कालचा तर तोंडात मावत नव्हता.

बायको : कालचा युबिक्विटस होता, आई. सगळीकडे आढळणारा. हा प्लंबरला म्हणाला, आमच्याकडे गळती युबिक्विटस आहे. तो बिचारा म्हणाला, साहेब, तो माल आम्ही ठेवत नाही, दुसरीकडे बघा.

नवरा : हसा, हसा. शब्द कमवायची हीच रीत आहे. सकाळी फोनवर शब्द येतो. दिवसभरात तीनदा वाक्यात वापरायचा, की तो आपला झाला. वर्षभरात माझं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं.

बायको : गेलं खरं. कुठे गेलं ते कळत नाही, एवढंच.

नवरा : पहिल्यांदा वॉचमनला म्हटलं, त्याने गेट लगेच उघडलं म्हणून.

बायको : गेट उघडायचाच पगार मिळतो त्याला.

नवरा : दुसऱ्यांदा कँटीनवाल्याला. चहा जरा जास्त ओतला त्याने.

बायको : मी तिसऱ्यांदाचं विचारतेय. मघापासून.

नवरा : संचालकबाईंसमोर.

बायको : काय म्हणालास? तुझ्या वाक्यात सांग.

नवरा : त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, मुख्य केमिस्टच्या जागेसाठी तुम्ही दोघांनीही अर्ज केलाय. एकाला मिळाली की दुसऱ्याने त्याच्या हाताखाली काम करायचं. घरात जड नाही का जाणार? मी म्हटलं, मुळीच नाही. माझी बायको मॅग्नॅनिमस आहे.

बायको : आणि?

नवरा : आणि... वाक्य पुरं करायला नको? नुसतं विशेषण लोंबकळत ठेवलं तर बरं दिसत नाही. म्हटलं, ती माझ्यासाठी अर्ज मागे घेईल.

बायको : म्हणजे शब्द शोभून दिसावा म्हणून माझी जागा घातलीस त्यात.

नवरा : तसं नव्हतं गं. ओघात गेलं.

सासू : बरं, एवढं काय त्यात? जागा घरातल्या घरातच राहणार. आणि तो पुरुषमाणूस...

बायको : आई, त्या दाण्यांत अळी आहे का बघा जरा.

नवरा : तू उगाच ताणतेस. मी कौतुकच केलं तुझं.

बायको : कौतुक. लग्नाच्या आधीपासून मी त्या प्रयोगशाळेत आहे. तुझं नाव तिथे सुचवलं ते मी. आणि त्या हॉस्पिटलच्या भिंतींचा हिरवा आठवतो? ट्यूबलाइटखाली नमुना बघितलास आणि पास करून मोकळा झालास. भिंतीवर दिवसाउजेडी तो राखाडी दिसायला लागला. सगळे डबे परत आले. तो पुन्हा कोणी जुळवला?

नवरा : तू.

बायको : आणि शाबासकी कोणाला मिळाली?

नवरा : आपण एक टीम आहोत, असं मी तेव्हाही म्हणालो होतो.

बायको : हो. मला म्हणालास, घरी आल्यावर. बाईंना नाही म्हणालास. फोन काढ आता.

नवरा : कशाला?

बायको : अर्थ वाच. पहिल्या ओळीवर थांबू नकोस, खालपर्यंत वाच.

नवरा : 'मोठ्या मनाचा, उदार. विशेषतः प्रतिस्पर्ध्यावर मात केल्यावर त्याच्याशी, किंवा आपल्याहून दुबळ्या माणसाशी, मोठ्या मनाने वागणारा.'

बायको : उदाहरण?

नवरा : 'पराभूत शत्रूशी राजा मॅग्नॅनिमस वागला.'

बायको : हे सकाळी दिसलं नव्हतं?

नवरा : तोंडाला साबण होता माझ्या. दाढी करत होतो.

बायको : बाईंच्या तोंडाला नव्हता. त्यांना शब्द पुरता येत होता. दुपारी मला बोलावलं आणि म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांनी तुम्ही जिंकल्याचं आधीच कबूल केलेलं दिसतंय. मग हसणं थांबवून विचारलं, अर्ज खरंच मागे घेताय का?

नवरा : मग? काय म्हणालीस?

बायको : हो म्हणणार होते.

नवरा : बघ, मला माहीत होतं.

बायको : तेच ना. तुला माहीत होतं. तोंड उघडलं होतं मी. तुझ्यावर प्रेम उतू जात होतं म्हणून नाही, हो म्हणायची सवय लागलीय म्हणून. ते लक्षात आलं आणि माझी मलाच इतकी चीड आली की खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. मग म्हटलं, नाही. अर्ज माझा आहे, आणि तो तिथेच राहील.

नवरा : आणि बाई?

बायको : म्हणाल्या, बरं झालं. सोमवारपासून सुरू करा.

सासू : काय सुरू करा?

बायको : मुख्य केमिस्ट मी, आई.

नवरा : मला एकदा विचारायचंस तरी.

बायको : तू सकाळी विचारलंस तसं?

नवरा : लोक काय म्हणतील? बायकोच्या हाताखाली काम करतो म्हणतील.

बायको : म्हणतीलच. खरंच आहे ते.

नवरा : अगं, पण आता तर तू जिंकलीस. आता तो शब्द तुला अगदी फिट्ट बसतो. म्हणजे, माझ्याशी वागताना जरा...

बायको : बसत असेल. मी घालणार नाही. चुकलास तर सगळ्यांदेखत सांगेन, आणि बरोबर केलंस तर तेही सगळ्यांदेखत सांगेन. तुझ्यापेक्षा तेवढं जास्त.

सासू : ए, थांबा जरा दोघं. काय रे, एवढी मोठी जागा मिळाली हिला, तू अभिनंदन केलंस का हिचं?

नवरा : करतोय ना, आई. योग्य शब्द शोधतोय.

बायको : शोध सावकाश. प्रयोगशाळेत बाकी सगळ्यांनी केव्हाच केलं.