पाच सह्यांसाठी थांबलेला पट्टा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील आमचे परदेशी मॅनेजर साहेब, त्यांच्या कानाशी बसलेल्या दुभाषीबाई, आजच्या उत्सवमूर्ती आमच्या तपासणीताई आणि शिलाई विभागातल्या माझ्या लेकीसुनांनो,

मी फिटर माणूस. शाळा चौथीत सुटली, बाकीचं यंत्रांनी शिकवलं. त्यातून आज आनंदाने छाती अशी धडधडतेय, की भाषण वेडंवाकडं होणार, चालवून घ्या.

ताई नगरपालिकेवर निवडून आल्या! (टाळ्या नंतर वाजवा, मला विसरायला होतं.) साहेब मघाशी म्हणाले, आमच्या गुंतवणुकीमुळे बायका पुढे आल्या. खरं आहे, पण अर्धंच. तुमच्या पैशाने शेड उभी राहिली, पगार हातात आला, चारशे जणी एका छपराखाली आल्या. उरलेलं अर्धं काय, ते सांगतो.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. मुदत तीनची. दोन वाजता ताई निवडणूक कचेरीतून धावत आल्या, चेहरा पांढराफटक. अर्जावर पाठिंब्याच्या पाच जणींच्या सह्या हव्या होत्या. आणि आमच्या पाचही जणींनी काय केलं? सवयीप्रमाणे सहीच्या जागी हजेरीचे टोकन नंबर लिहिले! कारकून म्हणाला, "बाई, ही माणसं आहेत की बसगाड्या?" अहो, जिच्या नजरेतून एक वाकडा टाका सुटत नाही, तिलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आठ वर्षं इथे नावाने हाक मारतं कोण?

शिलाईचा माल पुढे सरकवणारा पट्टा चालू असताना जागचं उठायचं नाही, हा इथला नियम. ताई म्हणाल्या, "काका, संपलं सगळं."

म्हटलं, "थांब गं, रडतेस काय!"

आणि पट्टा बंद पडला. दुभाषीबाई, आता जरा सावकाश सांगा. साहेब, त्या दिवशी मोटर जळाली नव्हती. मीच खटका खाली ओढला. पाचही जणी मालाच्या टेम्पोत कोंबल्या, गेल्या, पाच नावं लिहून आल्या. तीनला दहा मिनिटं कमी होती!

साहेब हसताहेत. म्हणजे नोकरी वाचली बहुतेक.

आता ताई इथल्या नोकरीचा राजीनामा का देताहेत? कारण कंपनीच्या दुसऱ्या शेडच्या जागेची फाइल नगरपालिकेत येणार आहे. एका हाताने पगार घेऊन दुसऱ्या हाताने मत कसं देणार? घरात कमावत्या त्या एकट्याच, तरी नोकरी सोडली. काल साहेबांनी थट्टेत विचारलं, "आमच्याच बाजूने ना?"

ताई म्हणाल्या, "साहेब, शेड येऊ दे, बायकांना काम हवंच आहे. पण नकाशात पाळणाघर कुठाय ते दाखवा. नसेल तर काढून आणा, मी वाट बघते."

कालपर्यंत ही बाई तुमच्याकडे अर्ध्या दिवसाची रजा मागत होती, साहेब!

एवढं ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. काही जास्त बोललो असेन तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि साहेब, नकाशा लवकर आणा. ताई सोमवारपासून नगरपालिकेत बसतात.