मला पण!

आत्या : ...म्हणून म्हणते, पाळणाघर आठ वर्षांच्या आतल्या मुलांसाठीच ठेवलंय. कुठेतरी रेघ ओढावीच लागते ना!

आई : आणि ती रेघ नेमकी माझ्या दारासमोरून गेली.

आत्या : तुझ्यावर रोख नाहीये गं. एवढं मोठं संमेलन, सगळ्या ब्लॉग लिहिणाऱ्या बायका. चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलाय, बाळाला पाजायला खोली आहे, खुणांच्या भाषेवाली बाई आहे. अजून काय करू?

आई : बबडीला घ्या.

आत्या : वहिनी, सतरा वर्षांची घोडी झालीये ती! पाळणाघरातल्या कोवळ्या पोरींना सांगू, हिचा लंगोट बदला म्हणून?

बबडी : मला पण!

आत्या : काय पाहिजे हिला?

आई : तुमच्या हातातला पेला. दुसऱ्याच्या हातात दिसेल ते तिला हवं असतं. घे गं राणी, पाणी घे. ताई, शेवटच्या रांगेत बसवू, दाराशी. माझं भाषण होईपर्यंत कुणी हात धरून ठेवला तरी गप्प बसते. तुम्ही आत्या आहात तिची.

आत्या : मी स्टेजवर असणार. आणि टाळ्या पडल्या की ही किंचाळणार.

आई : संमेलनाचं नाव काय ठेवलंत? ‘मला पण!’ कुणाच्या तोंडचं आहे ते?

आत्या : तुझ्या ब्लॉगमधलं. तुला विचारून घेतलं. खरं सांगू? राग मानू नकोस. लोकांना लिहिलेली बबडी आवडते. वाचताना लाळ दिसत नाही.

आई : तुमच्या जिभेला काही हाड?

आत्या : तोंडावर बोलते, मागून नाही. हे बघ, जुळ्यांवर ब्लॉग लिहिणारी ती आई आहे ना, ती तयार आहे. तुझा लेख ती वाचेल. गोड आवाज आहे.

आई : माझा लेख? ती?

आत्या : मग तू ये. एकटी.

आई : तुमच्या भावाला रविवारीही सुट्टी नाही. शेजारीण हिला घाबरते. कुणापाशी ठेवू?

आत्या : ठरव बाई. कार्यक्रमपत्रिका मला आजच छापायला द्यायचीय.

आई : ही झाल्यापासून मी या खोलीत बसून लिहितेय, ताई. लोक वाचतात, रडतात, पण मला कुणी पाहिलेलं नाही. एकदा, फक्त एकदा माणसांसमोर उभं राहायचंय मला.

आत्या : अगं, मग राहा ना! झोपेचं औषध देतेस ना तिला?

आई : फारच आरडाओरडा केला तर. अर्धा चमचा.

आत्या : मग त्या दिवशी पूर्ण दे. पडदे ओढ, बाहेरून कडी लाव. उठायच्या आत परत येशील.

आई : आई आहे मी तिची.

आत्या : म्हणून तर बोलावलंय. तर मग? कुणाचं नाव छापू?

(आई फळीवरून औषधाची बाटली काढते आणि उजेडात धरून बघते.)

आई : ...माझं.

आत्या : शाब्बास! आणि भाषणाचा शेवट तिच्या शब्दांवर कर हं. हॉल उठून उभा राहील.

बबडी : मला पण! मला पण!

आई : हो गं राणी. हे तुलाच.