न आलेली चिप

हॅलो?

हां प्रितम, बोल… बाहेर आलास ना सभागृहातून? मग ऐक. तुमचं मुंबई मंडळ आमच्या वाडीतल्या पोरांची वर्षं खातंय. आणि वर ढेकर देऊन सांगतंय, थांबा.

हो, मंडळालाच म्हणतेय. अध्यक्षांनासुद्धा… ऐकू दे की कुणी ऐकलं तर. जिन्यात उभा आहेस ना, कुठं पळून जाणार आहेस?

चहा झाला का तुमचा?… म्हणजे पोरांच्या टॅबचा विषय चहानंतर. आणि तो पुन्हा पुढं ढकलणार, हे सांगायला फोन केलास. माहीत होतं मला. तू ‘वहिनी, जेवलात का’ म्हणालास तेव्हाच कळलं. एरवी कधी विचारतोस?

बरं, कारण काय या वेळी?… कुठली चिप?… अरे, ती तर दिवाळीत येणार होती… आली? मग घ्या… का नाही?… तापते. कोण म्हणतं?… व्हिडिओवाला. आणि पुढची?… पुढची थंड आहे.

अरे बाबा, जी आलीच नाही ती थंडच असणार.

नाही, नाही, समजव ना. तू दुकानात दिवसभर मोबाईल उघडून बसतोस, तुलाच कळणार… दोन नॅनोमीटर. म्हणजे बारीक?… जेवढी बारीक तेवढी चपळ. बरं… आणि टॅबमध्येच एआय, नेट नसलं तरी चालणार. चांगलं आहे की. कधी?… ‘चर्चा आहे’. कोणाची चर्चा? कंपनी बोललीय?… नाही. तू बघितलीस ती चिप?… कुणीच नाही. नुसते आकडे फुटलेत कुठून तरी, आणि त्या आकड्यांवर तुम्ही एवढी शिकलेली माणसं पंख्याखाली बसून भांडताय.

आगरदांड्याच्या जेटीवर उभं राहून कुणी म्हणतं का, ही बोट जाऊ दे, पुढच्या वर्षी नवं इंजिन येणार आहे? दिघीला जायचं असेल तो बसतो गप.

हसू नको. मी हसण्यासारखं नाही बोलत.

अरे ऐक ना… ठराव. हो, ठराव आहे, माहीत आहे मला. ‘अभ्यासिकेसाठी टॅब घेताना सर्वांत नव्या प्रोसेसरचाच घ्यावा.’ पाठ आहे. आम्ही बाया पण विहारात बसून टाळ्या वाजवत होतो तेव्हा. का वाजवल्या सांगू? आपल्या वाट्याला आजवर उतरलेलं आलं. दुसऱ्याच्या पोरांची पानं गळालेली पुस्तकं, दुसऱ्याचे सदरे. अध्यक्ष माईकवर म्हणाले, ‘आता जुनं नाही, आता सगळ्यांत पुढचं.’ धोंडूआजीनं डोळे पुसले रे. मी पण पुसले असतील.

पण आता बघ ना काय झालंय. सर्वांत नवा म्हटलं की त्याच्या पुढं एक असतोच. तुम्ही निवडता, तोवर त्याहून नव्याची आवई उठते. पुन्हा सभा. पुन्हा चहा. टॅब ठेवायचं कपाट तेवढं आलं, काचेचं, देणगीदाराच्या नावासकट. त्यात आता मेणबत्त्या ठेवतो आम्ही, आणि पौर्णिमेच्या खिरीचं पातेलं.

हॅलो?… आहेस ना? थांब, मी जरा टाकीकडं सरकते. घरात रेंज येत नाही… हां, आता बोल.

दीक्षा? घरात आहे. तिला सांगितलं नाही मी फोनवर काय बोलतेय ते. कळलं तर चिडेल. म्हणते, आई, भीक मागू नकोस… अभ्यास चालू आहे म्हणजे काय, मी वाचते, ती ऐकते. डोळ्यांचं तसंच आहे. डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं आणखी फरक पडणार नाही, अक्षर मोठं करून द्या. पुस्तक नाकाला लावलं तरी तिला एकेक शब्द सुटा दिसतो. मग डोकं दुखतं, मग उलटी.

इतिहास वाचून दाखवते मी. मराठी पण. भाकऱ्या थापता थापता वाचते. पण बीजगणित कसं वाचून दाखवू, तूच सांग. मी म्हणते, ‘वर्गमूळ, आत एक्स अधिक नऊ’. ती विचारते, ‘आई, नऊ वर्गमुळाच्या आत आहे की बाहेर?’ मी आठवी शिकलेली बाई. मलाच कळत नाही ती रेघ कुठं संपते.

हो, परीक्षेला लेखनिक मिळेल. शाळेनं अर्ज केलाय. परीक्षेला मिळतो रे. अभ्यासाला कोण देतंय?

ठराव झाला तेव्हा ती नववीत होती. आता मार्चमध्ये बोर्ड. परवा म्हणाली, ‘दहावी झाली की बस. मी किहीमला मावशीकडं जाते, ती काम करते त्या कॉटेजवर चादरी धुवायला मशीन आहे, त्याला डोळे लागत नाहीत.’ शांतपणे म्हणाली. रडली असती तर मी दोन शब्द तरी बोलले असते.

प्रितम?… काय म्हणालास?

नको… नको, तू तुझ्या पैशानं घेऊ नकोस. माहीत आहे, पुतणी आहे तुझी. पण तू घेऊन दिलास की मंडळ म्हणेल, चला, प्रश्न मिटला. मग शेजारच्या साक्षीचं काय? तिच्या घरी एकच फोन, तो बापाबरोबर रिक्षात फिरतो. बाकीच्यांचं काय? वर्गणी सगळ्या घरांनी दिलीय. धोंडूआजीनं सुकट विकून दिलीय.

मग तू का बोलत नाहीस सभेत? अख्ख्या मंडळात प्रोसेसरमधलं तुलाच कळतं, आणि तूच तोंड शिवून बसतोस… काय?… कोण म्हणालं?… ‘स्वतःच्या पुतणीसाठी घाई करतो’. असं तोंडावर म्हणाले?

आणि तो प्रोजेक्टर. हो, आठवतंय मला. मंडळासाठी तू निवडलास, आणि महिन्याभरात त्याच्यापेक्षा चांगला बाजारात आला. सगळ्यांसमोर हसले तुला… मला वाटलं तू विसरलास ते. काय?… म्हणजे तू गप नसतोस, प्रत्येक वेळी तूच सांगतोस होय, थांबा, पुढची चिप येतेय?

नाही, मी दोष देत नाही तुला. इकडं ऐक. तू या घरात लहानाचा मोठा झालास, मी लग्न होऊन आले तेव्हा तू हाफ पँटीत होतास. तुझी भीती मला कळते. पण तुझ्या भीतीसाठी माझी पोरगी चादरी धुणार नाही.

एक काम कर. आत जा. फोन स्पीकरवर टाक आणि अध्यक्षांच्या समोर ठेव.

हो, आत्ता… गावच्या बाईनं मुंबईच्या सभेत बोलायची रीत नसेल. गावानं जमवायचं आणि मुंबईनं ठरवायचं, ही पण रीतच होती ना आजोबांच्या वेळची? मोडेल की. आपण यापेक्षा मोठ्या रीती मोडून इथं आलोय… तू काही बोलू नकोस. तू फक्त फोन टेबलावर ठेव. तेवढं जमेल ना?

चाल. मी थांबते… पायऱ्या चढतोयस, येतोय आवाज… खुर्च्या… हां.

हॅलो? येतंय का ऐकू सगळ्यांना?

जय भीम. मी जयमाला, वाडीतून बोलतेय, महिला मंडळ… प्रितमला रागवू नका, मीच सांगितलं त्याला… हो अध्यक्ष, विषयपत्रिकेत माझं नाव नाही. आमचं कुणाचंच नसतं.

एकच गोष्ट सांगते. मागच्या आठवड्यात म्हसळ्याला गेले होते, दीक्षा बरोबर होती. मोबाईलच्या दुकानात काउंटरला तारेनं बांधलेला एक टॅब होता, दाखवायचा. जुना. दुकानदार स्वतःच म्हणाला, हे मॉडेल आता बंद झालंय. पोरीनं विचारलं, ह्यात विज्ञानाचं पुस्तक उघडेल का? त्यानं उघडून दिलं. तिनं दोन बोटांनी पान मोठं केलं… आणि वाचायला लागली. मोठ्यानं, दुकानात. धडा नाही वाचला. चित्राखालची बारीक ओळ वाचली. मग दुसऱ्या चित्राखालची. मग मला म्हणाली, ‘आई, प्रत्येक चित्राखाली लिहिलेलं असतं?’

दहावीत आहे ती. तिला माहीतच नव्हतं तिथं ओळ असते.

त्या टॅबमधली चिप कितवी होती, मी विचारलं नाही… नाही अध्यक्ष, थांबा. नव्या प्रोसेसरचं मी प्रितमकडून सगळं ऐकलंय. येईल तो, चांगलाच असेल, आणि त्याच्या मागून आणखी एक येईल. तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंत ते, मला ठाऊक आहे. आपल्या पोरांना शिळं मिळू नये म्हणून. पण ताजं येईपर्यंत तुम्ही ताटच मांडलेलं नाही. पोरं उठून चाललीत पंगतीतून.

तो शब्द खोडा. ‘सर्वांत नवा’. आज, याच सभेत. दुकानात आज जे आहे, ज्यावर पुस्तक उघडतं आणि अक्षर मोठं होतं, ते घ्या. पुढच्या वर्षी काय येतंय, त्याचं पुढच्या वर्षी भांडू.

…

पुढच्या बैठकीत नको. समिती पण नको. प्रितमकडं बघू नका, त्याला मी गप बसायला सांगितलंय.

…

हॅलो? फोन चालू आहे, मला तुमच्या पंख्याचा आवाज येतोय. मी इथं टाकीजवळ उभी आहे, धोंडूआजी पण येऊन उभी राहिलीय, आणि आम्ही कुणी हा फोन ठेवणार नाही. तुमच्यातल्या एकानं तरी स्वतःचं नाव सांगून बोला.

टॅब आज घेताय, की नाही?