चुकून लागलेला दहा

उस्मान : हळू, मेधाताई. लिव्हर खाली ओढा, पण झटका नको. हिचे मालक बू यूसुफ मागं खुर्चीत बसलेत ना, ते आता सगळं कानानं बघतात.

मेधा : ओढली. अहो, किती गुपचूप उघडते ही रायफल! देवघराचं दार उघडावं तशी.

उस्मान : त्यांच्या बापाच्या वेळची हाय. तेलकंपनीतला कोण गोरा साहेब गाव सोडताना देऊन गेला. इतकी वर्षं झाली, एक स्क्रू बदललेला नाय. गोळ्यांचा डबा नाय, काय नाय. एक ठेवायची, एक मारायची.

मेधा : तेच तर आवडतं मला. दुसरी गोळी आहे म्हटलं की माणूस पहिलीला ढिला पडतो. पुण्यात एनसीसीत होते तेव्हा आमच्या रायफली नुसत्या खडखडायच्या. आता आखातात, सीफच्या ऑफिसात दिवसभर ड्रॉइंग तपासते, आणि इथे येऊन या अक्रोडाच्या दस्त्याला गाल टेकला की वाटतं, हिला घडवणाऱ्याचे हात धरून बघावेत.

उस्मान : गाल टेका, पण कशाला आलोय ते ध्यानात असू द्या. आज जमलं नाय तर ही झल्लाकच्या एका बड्या हॉटेलात जाणार. लॉबीत, काचेच्या कपाटात.

मेधा : आणि खरंच नळीत शिसं ओतणार?

उस्मान : त्यांचा भाचा तरी तसंच बोलतो. नळी बंद, वरून दिवा. लोक बाजूला उभं राहून फोटो काढतील.

मेधा : अशा धडधाकट रायफलीला? वाईट वाटतं हो ऐकून.

उस्मान : मला नाय वाटत? तीस वर्षं माझं बोटींच्या सामानाचं दुकान, आणि तीस वर्षं माझा शुक्रवार इथं. पण माझा खांदा कामातून गेला, त्यांचे डोळे गेले. त्यांचं म्हणणं, मारणारा कोण नसेल तर ठेवून काय करू? आपण व्हिसावाली माणसं, मालक काय होणार नाय. लायसन त्यांचं, कपाट त्यांचं. फक्त शुक्रवारी त्यांच्यासमोर हिला चालवणारं माणूस पाहिजे.

मेधा : ते माणूस मला व्हायचंय, उस्मानभाई. साफ सांगते. गेले दोन हिवाळे मी हिच्याकडे बघतेय.

उस्मान : मंग ऐका. पाच गोळ्या. साईटला, नेम धरायच्या रिंगला, हात लावायचा नाय, ही त्यांची अट. दुर्बिणीत मी बघणार, पण आधी तुम्ही बोलायचं, गोळी कुठं लागली ते. न बघता.

मेधा : म्हणजे कॉल द्यायचा. चाप सुटला तेव्हा साईट जिथे होती, ते सांगायचं. आम्हालाही तसंच शिकवलं होतं.

उस्मान : यल्ला, बिस्मिल्ला करा.

मेधा : मारली. मधोमध. दहा.

उस्मान : आठ. उजवीकडे.

मेधा : उजवीकडे? नाही हो. काळा गोल रिंगच्या अगदी मध्ये होता.

उस्मान : तुमचं पण सांगितलं त्यांना, दुर्बिणीतलं पण सांगितलं. मान हलवली नुसती. दुसरी ठेवा.

मेधा : चाप काय सुटतो हिचा! कळतसुद्धा नाही. मधोमध. दहा.

उस्मान : आठ. उजवीकडे. पहिलीच्या भोकाला भोक लागून. सुभानल्ला, या वयात काय मारते बघा ही!

मेधा : ती मारते, पण माझं काय? तिसरी गेली बघा. मला विचाराल तर दहाच.

उस्मान : आठ. त्याच जागी. तिन्ही गोळ्या एका खजुराच्या बीखाली झाकतील, पण तुमचा कॉल तिन्ही वेळा चुकला.

मेधा : चाळिशी उलटली, नजरेचा भरवसा नाही राहिला बहुतेक. इतकी सुंदर रायफल हातात आली, तीही आत्ता.

उस्मान : मेधाताई, एक बोलू? बू यूसुफना हिंदी सगळी समजते, मराठी नाय. चौथी मारा. मी आधी दुर्बिणीत बघतो, तुम्हाला हळूच सांगतो, मंग तुम्ही कॉल द्या. नायतर सरळ उजवीकडे आठ बोला. तिथंच जातायत सगळ्या.

मेधा : माझ्याही मनात तेच आलं होतं. खोटं कशाला बोलू?

उस्मान : मंग बोला ना. आपण कुणाचं काय लुटत नाय. रायफल वाचेल. तुमच्या एका शब्दावर अडलंय.

मेधा : वाचावी असं मलाही वाटतं हो, जीव तुटतो. पण मला मध्ये दिसलं तर उजवीकडे कसं म्हणू? ही बघा, जिथे धराल तिथेच मारते, एका केसाने इकडेतिकडे होत नाही. हिच्यामागे पालथं पडून मीच थापा मारायच्या?

उस्मान : मी आपलं सुचवलं.

मेधा : चौथी. मधोमध. दहा.

उस्मान : आठ. उजवीकडे. हट्टी बाई हो तुम्ही. पुण्याच्या ना, बरोबर.

मेधा : तुम्ही रत्नागिरीकरांनी दुसऱ्याला हट्टी म्हणावं म्हणजे कमालच आहे. पाचवी ठेवते.

उस्मान : दम खा, दम खा. घाई नको.

मेधा : गेली. छे, बघू नका. चुकली ही. चाप ओढता ओढता श्वास सुटला आणि साईट डावीकडे सरकली. डावीकडे आठ.

उस्मान : मेधाताई.

मेधा : काय? आठही नाही?

उस्मान : दहा हाय. मधला ठिपका उडाला. वल्ला, दहा! सांगतो त्यांना.

मेधा : थांबा. दहा सांगा, पण मी डावीकडे आठ म्हटलं होतं, तेही सांगा.

उस्मान : अहो, एवढा एकच तर लागला. तो तरी राहू द्या पदरात.

मेधा : तो माझा नाही. चुकून लागलाय. सांगा त्यांना.

उस्मान : बरं बाई, सांगतो... हसतायत.

मेधा : हसू देत. गेली ना रायफल?

उस्मान : थांबा, बोलतायत ते... या इलाही. सकाळी त्यांनीच साईट फिरवून ठेवली होती. टिकटिक मोजून, उजवीकडे. मला पण बोलले नाय.

मेधा : म्हणजे माझे चारही कॉल बरोबर होते?

उस्मान : पाची. पाचवी तुम्ही खरंच डावीकडे मारलीत, म्हणून तर ती मधे बसली. बोलतात, आधी अशीच परीक्षा द्यायला भाचा येऊन गेला, भाच्याचे दोस्त आले. तिसऱ्या गोळीनंतर सगळेच्या सगळे उजवीकडे बोलायला लागले.

मेधा : आणि तुम्ही मला तेच शिकवत होतात.

उस्मान : अल्ला माफ करो. मी पण नापास.

मेधा : पण असं का केलं त्यांनी? सरळ निशाण बघायचं होतं.

उस्मान : बोलतात, निशाण शिकवून येतं. मला दिसत नाय. समोरचा जे सांगेल, तेच मला टारगेट. लिव्हर उघडी ठेवून रायफल द्या त्यांच्याकडे... बघा, बोटांनीच साईट जागेवर आणतायत. घ्या परत. एक गोळी ठेवा बोलतात.

मेधा : आता आणखी कसली परीक्षा?

उस्मान : परीक्षा खलास. मला दुर्बीण पिशवीत घालायला सांगितली. हॉटेलवाल्यांना नकाराचा फोन भाचा करेल.

मेधा : मग गोळी कुठे लागली ते बघणार कोण?

उस्मान : तुम्ही मारा, तुम्हीच सांगा. हिंदीत सांगा, सरळ त्यांना. पुढं सरकून बसलेत.

(गोळीचा आवाज.)

मेधा : बू यूसुफ, नौ. ज़रा-सा ऊपर.