कडूबानं न पाह्यलेली लढत

...नाही, पन मी म्हनतो, कडूबाले कोनी इचारलं होतं काय? वाद जहांगीरभाईचा, वाद वकीलसाहेबाचा, च्या आशाबाईचा, मंग तुले काय करा लागते बे मधात घुसून? पोरीची लढत पाहाले आला ना तू बुलढाण्याले, मंग मुकाट्यानं आत जा, खुर्ची धर अन् बस. पन नाही. कुठं 'बॉक्सर' हा शब्द कानावर पडला का या मानसाचे पाय जागच्या जागी रुतले समजा...

थांबा, सुरुवातीपासून सांगतो, नाही तं तुमी म्हनसान, हा उगाच कोनाची बदनामी करून राह्यला. कडूबा म्हंजे आमच्या धाड गावचा, माह्या भिंतीले भिंत लागून घर. मका-सोयाबीनवाला साधा मानूस, जन्मात कोनाले चापट मारली नसन, पन बॉक्सिंगचा असा येडा का काही सोय नाही. बैलाले चारा टाकता टाकता मोबाइलवर जुन्या लढती पाहते. त्याची पोरगी राखी, बारावीले, बापाचंच येड तिले लागलं अन् कॉलेजात मलिहा मॅडमकडं ती बॉक्सिंग शिकली. अन् तुमाले सांगतो, त्या दिवशी तिची पहिली लढत होती, जिल्ह्याची. समोर संग्रामपूरची पोरगी. वजनगटात दोघीच, म्हंजे जिंकली का सरळ अमरावतीले, विभागाच्या लढतीले.

सकाळी जहांगीरभाईच्या जीपमधी निघालो आमी. साऱ्या रस्त्यानं राखी हातावरच्या पट्ट्या गुंडाळे अन् सोडे. उतरताना एकच बोलली, "बाबा, तुमी समोर बसजा. तुमी दिसले का मले भेव नाही वाटत." कडूबा म्हने, "हाव वो बाई, मी कुठं जातो?"

कुठं जातो... गेटाबाहेरच्या आशाबाईच्या टपरीवर, अजून कुठं? पोरगी आत गेली, आमी म्हटलं घोट घोट च्या घेऊ. तिथं कोर्टातून आलेले राजकुमार वकील बसलेले. मैदानावर बॉक्सिंग हाय म्हटल्यावर जहांगीरभाई सहज बोलला, सहज बरं का, "दुनिया में एकच बॉक्सर झाला, टायसन. बाकी सब टाइमपास. समोरचा गडी रिंगात येता येताच अर्धा मेलेला राहे." वकिलानं कप खाली ठेवला. "भावना बाजूला ठेवा, रेकॉर्डवर या. मेवेदर. पन्नास लढती, पन्नास विजय. अपिलाला जागाच नाही."

एवढंच. आता इथं कडूबाले कोनी इचारलं होतं काय? एक पाय गेटाच्या आत होता त्याचा. तो पाय त्यानं बाहीर घेतला अन् म्हने, "अन् अली?"

झालं...

"वकीलसाहेब, चॅम्पियनकी हिसकून घेतली त्याची, ऐन तरनेपनात लढू नाही देलं, तरी वापस आला अन् फोरमनसारखा हत्ती लोळवला. तुमचा मेवेदर त्याच्यासमोर काय हाय? हिशेब करून लढनारा मानूस." वकील म्हने, "हरकत आहे." जहांगीरभाई म्हने, "टायसनचा एक बसला असता ना, तुहा अली दोन दिस पानी मागत राह्यला असता." कडूबा म्हने, "टायसननं कान चावला बे समोरच्याचा. कान! बॉक्सर हाय का उंदीर?"

आशाबाई भजे तळता तळता बोलली, "अन् मेरी कोम नाही बसत काय हो तुमच्यात? सहा डाव जग जिंकलं बाईनं." तिघंबी एका सुरात, "हाव हाव, ते बी हाय." अन् कडूबा वरून म्हने, "पन मावशी, आता आमी बॉक्सरचं बोलून राह्यलो." बोलला बरं का हा मानूस, अन् पोरगी आतमधी हातात पट्ट्या बांधून बसलेली.

आशाबाईनं झारा तसाच धरला हातात. "तुमची पोरगी कवा हाय रिंगात?"

"हाय अजून वेळ."

तेवढ्यात भोंग्यावर नाव पुकारलं. म्या सोता आयकलं. "कडू, राखीचं नाव घेतलं वाटते." तर मलेच शिकवते, "अरे नाव घेतल्यावर बी टाइम राह्यते, ग्लोव्ह तपासतेत, पंच सूचना देते, तुले काय समजते त्यातलं? एवढा मुद्दा संपवू दे." अन् मुद्दा संपवाले यानं काय करावं? टपरीच्या बांबूले पाठ टेकून उभा राह्यला. "हे पाहा जहांगीरभाई, हा रिंगाचा दोर समज. अली असा मांगं रेलला, अन् फोरमन मारून मारून थकला. मार मले. मार." जहांगीरभाईनं हवेत मारला, यानं चुकवला. दुसरा चुकवला. तिसऱ्याले बांबू सरकला... अन् नाक बसलं बरोबर बुक्कीखाली. रक्त, मापी, "या अल्ला", आशाबाईचा ओला फडका, सारं झालं. आतून टाळ्या आयकू आल्या तर नाकाले फडका लावून कडूबा काय म्हने? "पाहुन्यायचा सत्कार होऊन राह्यला असन."

अन् गेटातून राखी आली. गळ्यात पदक.

तुमाले सांगतो, मानसाचा चेहरा असा उतरताना म्या पाह्यला नाही. खरं सांगून टाकावं का नाही? सांगावं ना. पन तोंडातून काय निघालं? "काय लढली वो माही बाई! दुसऱ्या राऊंडातला तो उजवा हात... पोरगी डुललीच." राखीनं याच्या नाकाकडं पाह्यलं, फडक्याकडं पाह्यलं. "तुमी कुठं बसले होते बाबा?" "मांगं, खांबापाशी. गर्दीत कोनाचं तरी कोपर लागलं." "बरं," म्हने. अन् जीपमधी मांगच्या सीटवर जाऊन बसली.

घरी आल्यावर वच्छलाबाईनं, म्हंजे कडूबाच्या घरवालीनं, ओवाळलं अन् इचारलं, "कशी झाली वो लढत?" राखी म्हने, "बाबाले इचार. त्यायनं पूरी पाह्यली." मंग काय, शेजारपाजार जमला, अन् यानं सांगतली. पहिला राऊंड, दुसरा राऊंड, समोरचीचा तोल गेला ते, पंच मधात आला ते, सारं हातवारे करून. येवढं इचारलं होतं काय कोनी?

दुसऱ्या दिवशी मलिहा मॅडमचा फोन आला. "भाऊ, राखीचं अभिनंदन. संग्रामपूरची मुलगी तापामुळे आलीच नाही. आपली बिचारी रिंगात एकटीच उभी होती, समोर कोणी नाही. पंचानं हात वर करेपर्यंत सारखी खुर्च्यांकडं पाहत होती. मी म्हटलं, काय शोधते गं? तर म्हणे, काही नाही मॅडम."

लढतच झाली नव्हती हो...

कडूबा फोन धरून ओसरीवर बसला तो बसला. जेवला नाही. मले सोता म्हने, "मारली असती ना पोरीनं दोन थोबाडीत, तं बरं वाटलं असतं." पन राखी काही बोलेच ना. त्याले माहीत का तिले त्याची लबाडी माहीत हाय, तिले माहीत का फोनावरून त्याले बी खरं समजलं, अन् आळीले काहीच माहीत नाही. आळी रोज संध्याकाळी यायची. "कडूभाऊ, तो उजवा हात सांगा ना." अन् राखी तिथंच सुपात शेंगा घेऊन सोलत बसे, मान खाली. हा सांगे. रोज आवाज बारीक होत जाय. चौथा राऊंड काढा म्हनत लोकं, असल्या लढतीत चौथा नसते, पन कोन आयकते?

बाजाराच्या दिवशी जहांगीरभाई आला अन् सगळ्यायसमोर म्हने, "कडूभाऊ, नाकाचा गुस्सा थूक दो. आता तूच फैसला दे, सगळ्यात मोठा बॉक्सर कोन?" पाहा, या खेपेले इचारलं. सारी आळी कान टवकारून. अन् कडूबा म्हने, "मले काऊन इचारता? म्या घरची बी पाह्यली नाही. लढत झालीच नव्हती. पोरगी रिंगात एकटी उभी होती, अन् मी टपरीवर अली करून राह्यलो होतो."

राखीनं शेंग सोलली, दाने सुपात टाकले, मान वर न करताच म्हने, "मंग दुसऱ्या राऊंडातला तो उजवा हात कोनाचा होता बाबा?"

"जहांगीरभाईचा," कडूबा म्हने, अन् नाक चोळलं. ती हसली का नाही ते मले दिसलं नाही, सूप घेऊन आत गेली.

आता उद्या अमरावती हाय. कोन कोन येनार, राखीनं घरोघर इचारलं. मले इचारलं, जहांगीरभाईले इचारलं, आशाबाईले बी निरोप गेला. अन् कडूबाले? कोनी इचारलं काय?

नाही. पन जीप निघनार उद्या पहाटं, अन् तो आज दुपारपासूनच पुढच्या सीटवर जाऊन बसला हाय. वच्छलाबाईनं ताट तिथंच नेऊन देलं. च्या इचारला, तर नको म्हने.