नव्या गाडीची पहिली फेरी

श्रीगोंद्याहून नगरला निघालेल्या एसटीत आरतीच्या मागच्या सीटवर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या. आरतीचे कान तिकडेच लागले होते.

“राहीबाई, दारात येवढी मोठी गाडी असताना तुमी एस्टीत?”

“मोठी इकली, झुंबरबाई. आदिनाथनं ल्हान घेतली, डिझेलचीच. लई कमी पिती म्हनं.”

“मोठीत सात मानसं बसायची की! यात कायतरी काळंबेरं हाय. सुनंनं सुचवलं का?”

“न्हाई वो. त्याचाच इचार.”

“बरं, पहिली फेरी मोहट्याच्या देवीला न्हेली का?”

“न्हेली की. निघताना चाकाखाली लिंबू मीच ठिवलं.”

“कोन कोन गेलं?”

“आदिनाथ, सून, दोन पोरं. अन् सुनंची आई.”

“अन् तुमी?”

“घरी कोनी तरी पायजेल ना. म्हशी हायत्या.”

“म्हशी? त्या तर दिवाळीतच इकल्या ना तुमी?”

तेवढ्यात गाडीला ब्रेक लागला आणि सीटखालून एक नारळ घरंगळत आरतीच्या पायाशी आला. तिनं तो उचलून मागं दिला.

“माजा गं बाई त्यो,” राहीबाई म्हणाल्या. “नगरला उतरून मोहट्याची गाडी मिळंल ना?”