पुढच्या काळातली लेव्हल

नांदुऱ्याचं स्थळ काऊन मोडलं म्हणून विचारता ना, मंग आयका. मुलीचे वडील घरी आले, चहा घेतला अन् मले म्हणे, "सध्या काय करता?"

मी तीन वर्षं खपून बनवलेला गेम त्यायले मोबाइलवर लावून देला. म्हटलं, यातला पोरगा उड्या मारत मारत काळात मागं-पुढं जाते. पाहिजे ते रूप घेते. कावळा होते, मासा होते, बकरी होते.

"सरकारी नोकरदार होते का?"

"नाही."

"मंग त्याले म्हणा, मागं जाऊन तलाठ्याचा फॉर्म तरी भरून ये."

पाहुणे गेले. बाबांनी मोबाइल उचलून गेममधल्या पोराकडं बोट दाखवलं.

"हा पुढच्या काळातही जाते ना बे?"

"हो."

"मंग पाह्य बरं, तिथं याचं लग्न झालं का."

मी ती लेव्हल उघडलीच नाही. तिच्यात मी एक मोठं घर काढेल हाय. त्या घरात तो म्हातारा झालेला पोरगा एकटाच चहा मांडून बसते, अन् ते चित्र मी हे स्थळ यायच्या लय आधी काढलं होतं.